गॅस संपत नाही, गळतो!

उन्हाळा आला की टॅक्सी आणि कॅब चालवणाऱ्या आपल्या बांधवांची एक तक्रार हमखास कानावर येते : 'एसी चालू आहे, पण हवा गरम येते.' गिऱ्हाईक कुरकुरते, वाद होतात, भाडे बुडते. गॅरेजमध्ये गेले की ठरलेले उत्तर मिळते : 'गॅस संपला, भरून टाकू.'

आमच्या शेजारच्या एका कॅबचालक बंधूंनी गेल्या उन्हाळ्यात दोन महिन्यांत तीन वेळा गॅस भरला. दर वेळी पंधरा-वीस दिवस गाडी थंड, मग पुन्हा जैसे थे. मुलीच्या क्लासच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. चौथ्या वेळी दुसऱ्या एका मिस्त्रीने बोनेट उघडून पाइपाच्या सांध्यावरचा तेलकट डाग दाखवला. सांध्यातला रबराचा छोटा वायसर, म्हणजे ओ-रिंग, झिजली होती. ती बदलली आणि दुखणे संपले.

बंधू-भगिनींनो, एक गोष्ट मनात पक्की करा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरच्या जाळीत तो उष्णता बाहेर टाकतो आणि पातळ होतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होते आणि तो गाडीतली उष्णता शोषून घेतो. बऱ्याच वर्षांत थोडा गॅस झिरपतो हे खरे, पण महिन्याभरात गेला तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

गॅरेजला जाण्याआधी काही गोष्टी आपल्या आपण पाहता येतात. त्याला पैसा लागत नाही. गाडी मोकळ्या जागेत लावा, न्यूट्रलवर ठेवा आणि हँडब्रेक ओढा.

पहिले, हवाच कमी येते का? तसे असेल तर एसीचा फिल्टर पाहा. बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. धुळीने बुजला असेल तर बदला. तापमानाचे बटण पूर्ण थंडवर आहे ना, बाहेरची हवा बंद केली आहे ना, हेही पाहा.

दुसरे, गाडी पळताना थंड आणि सिग्नलला थांबली की गरम, असे होते का? मग संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्या. थांबलेल्या गाडीत जाळीला वारा फक्त पंखाच देतो. एसी चालू करून थोडा वेळ थांबा आणि पंखा फिरतो का पाहा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले किंवा पंख्याची मोटर गेली असेल. पंखा अचानक सुरू होतो, म्हणून हात लांब ठेवा. जाळीत चिखल, किडे अडकले असतील तर इंजिन बंद करून, गार झाल्यावर, साध्या पाण्याने हलके धुवा. जोराच्या फवाऱ्याने पातळ पात्या वाकतात.

तिसरे, एसीचे बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरचा 'टक्' असा आवाज येतो का? काही नव्या गाड्यांत क्लच नसतो, त्यांत हा आवाज येत नाही. पण पूर्वी यायचा आणि आता येत नसेल तर फ्यूज, रिले, वायर किंवा क्लच तपासावा लागेल. गॅस फार कमी झाला तरी दाबाचे स्विच कॉम्प्रेसर सुरू होऊ देत नाही.

चौथे, पंखा आणि कॉम्प्रेसर दोन्ही चालू, तरी हवा गरम? मग इंजिन बंद करून एसीचे पाइप आणि सांधे नीट पाहा. गॅसबरोबर तेलही फिरते, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडून त्यावर धूळ बसते. मात्र पाइप स्वतः खोलू नका. आतला गॅस दाबाखाली असतो. तो उडाला तर कातडी गोठते, डोळा जाऊ शकतो.

गॅरेजमध्ये स्पष्ट सांगा : 'आधी लिकेज दाखवा, मग गॅस भरा.' नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचा फेस लावला की गळती बुडबुड्यांनी दिसते. दुरुस्तीनंतर निदान अर्धा तास व्हॅक्यूम करून आतली हवा व ओल काढलीच पाहिजे. गॅस अंदाजाने नव्हे, वजनाने भरायचा. किती ग्रॅम आणि कोणता, हे बहुधा बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले असते. बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए असतो, काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ. दोन्ही मिसळू नयेत. गॅस जास्त झाला तरी एसी नीट थंड करत नाही आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. स्वस्तात पडते म्हणून कोणी स्वयंपाकाचा गॅस भरू म्हणाला, तर गाडी तिथून काढा. तो पेट घेतो.

भगिनींनो, घरचा हिशेब तुम्ही ठेवता. एसीचे बिलही जपून ठेवा. तारीख, किती ग्रॅम गॅस भरला आणि कोणता भाग बदलला, हे त्यावर लिहून घ्यायला सांगा. एकाच उन्हाळ्यात दुसऱ्यांदा गॅस भरायची वेळ आली, तर तोच कागद पुढे करून जाब विचारता येतो.

आणि दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी पुढे काय करू म्हणत असेल, तर आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. गळती शोधून दाखवणारा प्रामाणिक कारागीर प्रत्येक वस्तीला हवा आहे. तो आपल्याच घरातून का निघू नये?