लेकरू तुटलेल्या आईबापाने धावू नये काय?

नवरा-बायकोच्या भांडणात मुलाचे कान बापाविरुद्ध भरले गेले, भेट बंद झाली, तरी हा माणूस पहाटे आष्टी-कडा रस्त्याने धावतो, म्हणजे याला लेकराचं दुःखच नाही, असं एका जाणत्या गृहस्थांचं म्हणणं. खरा बाप वकिलाच्या दारात बसेल, व्यायाम ही शहरी चैन, हे त्यांचे आणखी दोन मुद्दे.

चैनीचं म्हणाल, तर वीटभट्टीवर राबलेल्या आईबापाचा मुलगा, याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, २०२३च्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकून आला. आणि वकिलाच्या दारात बसल्याने कोर्टाची तारीख लवकर पडत नाही.

पण 'दुःखच नाही' हा आरोप मी सहजी सोडणार नाही. दुःख दिसायला हवं म्हणून बापाने झोप घालवायची, जेवण टाकायचं, चहा-तंबाखूवर दिवस काढायचे? मग कधीतरी आदेश होतो, तासाभराची भेट मिळते. लेकराला घरी सांगितलेलं असतं की, बाप तापट आहे. ते म्हणतं, "मला तुमच्याशी बोलायचं नाही." महिनोन्‌महिने न झोपलेल्या माणसाचा आवाज तिथे चढतोच, आणि ऐकीव गोष्ट लेकराच्या डोळ्यांदेखत खरी ठरते. त्या झुरण्याने बाजू कुणाची बळकट झाली? नकार शांतपणे ऐकून घेण्याएवढी ताकद अंगात राखणं, हे बापपणच आहे.

लेकरू असं फितवलं जाणं हा आजार की कांगावा, हा वाद जुना. १९८५मध्ये मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी त्याला विकार म्हटलं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या विकारांच्या यादीत तो नाही. नसू दे. मारहाणीमुळे घाबरलेलं मूल दूर राहिलं तर त्याला कुणी फितवलेलं नसतं, हेही मान्य. पण 'ही बापांचीच रड' हे साफ खोटं: सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या निकालात याची दखल घेतली, तेव्हा लेकीपासून दुरावलेली होती ती आई.

घामाने मूल परत येत नाही, हे खरं. मात्र अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९९९मध्ये नैराश्याच्या १५६ रुग्णांवर अभ्यास झाला, आणि १६ आठवड्यांनी व्यायामाचा गुण औषधाच्या जवळपास दिसला. ते रुग्ण दुरावलेले आईबाप नव्हते, पण झोप उडणं आणि मन खचणं त्यांनाही होतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर आधी डॉक्टर गाठावा. एरवी आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालावं, जमल्यास भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसोबत धावावं. भेटीच्या दिवशी तर पहाट चुकवूच नये.