प्रकल्प संपला, दप्तर कोणाच्या ताब्यांत?

गांवचा तलाठी बदलून गेला म्हणजे दप्तर ओट्यावर टाकून जात नाहीं. फेरफाराची नोंदवही, गांवनमुने, नकाशे या सर्वांची यादी होते, नवा तलाठी तीं मोजून घेतो आणि दोघांच्या सह्या होतात. माणूस गेला तरी गांवचा हिशेब चालू राहतो. मीं सारी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनींत घालविली, म्हणून ही साधी रीत मला मोलाची वाटते. ज्या नव्या दप्तरास ती अद्याप नीट लागू झालेली नाहीं, त्याकडे शेतकरी बंधूंचें लक्ष वेधावें, एवढ्यासाठीं हे चार शब्द लिहीत आहें. तें दप्तर म्हणजे सार्वजनिक पैशानें, संशोधनांतून तयार झालेलें सॉफ्टवेअर.

शेतकऱ्याचा त्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प जागतिक बँकेच्या कर्जसाह्यानें 2018 पासून मुख्यतः विदर्भ, मराठवाडा व खानदेशांतील पांच हजारांवर गांवांत चालला. त्यासाठीं पवईच्या आय.आय.टी.नें गांवच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारें साधन तयार केलें. रोजचा पाऊस, जमिनीचा पोत व खोली, उतार आणि पीक हीं त्यांत घातलीं कीं, किती पाणी वाहून जाईल, किती मातींत मुरेल, किती भूगर्भांत उतरेल आणि पिकास किती तूट पडेल, याचा अंदाज मिळतो. रब्बीस गहूं करावा कीं हरभऱ्यावर भागवावें, हा निर्णय अशा हिशेबावर घेतां येतो. हें साधन ‘क्यूजीआयएस’ या मुक्त नकाशा-प्रणालीस जोडून रचलेलें आहे. मुक्त म्हणजे जिचें मूळ लिखाण कोणासही पाहण्यास, वापरण्यास व सुधारण्यास मोकळें आहे अशी.

प्रकल्पाचा पहिला टप्पा 2024 सालीं संपला. दुसरा मंजूर झाला, हें भाग्यच. बहुतेक संशोधनांस दुसरा टप्पा मिळत नाहीं. आपला खेड तालुका पहिल्या टप्प्यांत नव्हता. तरीही चाकणच्या पट्ट्यांत कारखान्यांच्या कुंपणांमधून उरलेल्या कांदा-बटाट्याच्या शेतांस पाण्याचा हिशेब तितकाच लागतो. तें साधन जिवंत राहिलें तर उद्यां आपल्याही कामीं येईल.

परंतु सॉफ्टवेअर कागदासारखें नुसतें कपाटांत ठेवल्यानें टिकत नाहीं. 2018 सालीं क्यूजीआयएसची तिसरी आवृत्ति निघाली, तेव्हां दुसऱ्या आवृत्तीसाठीं लिहिलेल्या जोडण्या सुधारून घेतल्यावांचून चालेनात. माझ्या नोकरींत एका कचेरींत असेंच घडलेलें मीं पाहिलें. प्रणाली लिहिणारे निघून गेले, संगणक बदलला, आणि जुन्या नोंदी उघडेनात. अखेर आम्हीं त्या कागदावरून पुन्हां भरल्या. कोल्हापुरी बंधाऱ्याचें बांधकाम कितीही पक्कें असो, पावसाळा सरतांना बरगे घालणारा नसेल तर पाणी अडत नाहीं. येथेंही तसेंच आहे. लिखाण सर्वांस मोकळें आहे, एवढ्यावर भागत नाहीं. त्यास राखणदार लागतो.

राखणदार मिळाला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण परदेशांत आहे. अमेरिकन लष्कराच्या एका संशोधनशाळेनें 1982 पासून ‘ग्रास’ नांवाची नकाशा-प्रणाली रचली. पुढें दहा-पंधरा वर्षांत लष्करानें हात काढून घेतला. तेव्हां प्रथम टेक्सासमधील व नंतर जर्मनींतील विद्यापीठाच्या मंडळींनीं ती सांभाळली. 1999 सालीं ती मुक्त परवान्याखालीं आली, आणि आजही ती चालू आहे.

कोणी म्हणेल, नवी योजना नवें सॉफ्टवेअर आणील; जुनें कशास जपावें? त्यास माझें उत्तर असें कीं, मोजणीच्या मध्येंच साखळीची लांबी बदलली तर दोन मापें जुळत नाहींत. दहा वर्षांच्या पाण्याची तुलना करावयाची तर माप तेंच हवें, निदान जुनें माप कसें होतें हें तरी ठाऊक हवें. सर्वच जपावें असेंही नाहीं. आमच्या अभिलेखकक्षांत ‘अ’ वर्गाचे कागद कायमचे राहतात व ‘ड’ वर्गाचे लौकरच नष्ट होतात. तशीच वर्गवारी येथेंही व्हावी.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रकल्प मंजूर करितांनाच पुढील देखभालीची रक्कम राखून ठेवावी. पिंपरी-चिंचवडचा कोणता कारखानदार देखभालीचा विचार न करितां यंत्र बसवितो? दुसरी, प्रकल्प संपतांना ताबेयादी व्हावी. तींत मूळ लिखाण, नमुन्याचे आंकडे व मराठी पुस्तिका असावी, आणि लिखाणाची एक प्रत फ्रान्समधील ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ या 2016 सालीं उघडलेल्या संग्रहांतही ठेवावी. मोडी कागद शाबूत असून वाचणारा मिळेना, अशी गति या लिखाणाची होऊं नये. तिसरी, राखणदार संस्था नांवानिशीं ठरवावी. राहुरीचें कृषि विद्यापीठ किंवा तत्सम कायमची संस्था यास योग्य होईल.

आपल्या संस्थेनें येत्या सभेंत या आशयाचा ठराव करून सरकारकडे पाठवावा, अशी माझी विनंति आहे. पैसा आपल्या करांतून गेला आहे आणि हिशेब आपल्या विहिरीचा आहे. तेव्हां दप्तर कोणाच्या ताब्यांत आहे, हें विचारण्याचा अधिकारही आपलाच आहे.