लेण्यांच्या माथ्यावरचे शहर

मुंबई शहराला मोकळी जागा दिसली की ती रिकामी वाटते. देवनारला हा अनुभव 1927 पासून आहे. खाडीकाठची जमीन कुणाच्या उपयोगाची नाही असे गृहीत धरून शहराने तिथे कचरा ओतायला सुरुवात केली, आणि 1971 मध्ये कत्तलखानाही तिथेच आला. 2016 च्या जानेवारीत डम्पिंग ग्राऊंडला आग लागून धूर पसरला, तेव्हा बाकीच्या मुंबईला देवनारची आठवण झाली. साष्टी बेटाच्या पश्चिम अंगाला असलेली प्राचीन लेणीही शहराच्या याच सवयीला बळी पडत आहेत. लेण्यांतून धूर निघत नाही, म्हणून त्यांची बातमी होत नाही.

देवनारहून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागले की जोगेश्वरी फार लांब नाही. महामार्गाच्या गोंगाटापासून थोडे आत, दाट वस्तीच्या मधोमध पायऱ्या खाली उतरतात. उतरता उतरता हॉर्न मागे पडतात, उकाडा कमी होतो आणि खांबांच्या रांगांमधला प्रशस्त मंडप समोर येतो. वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाने हे लेणे सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातले, म्हणजे घारापुरीच्याही आधीचे मानले. सारीपाट खेळणारे शिवपार्वती, कैलास हलवणारा रावण, लकुलीश असे शिल्पपट इथे होते; आज त्यांतले बरेचसे झिजून नुसते आकार उरले आहेत. गाभाऱ्यात मात्र देवीची पूजा चालू आहे. घारापुरीला 1987 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला आणि भोवतीचा समुद्र तिची राखण करतो. तिच्या या थोरल्या बहिणीच्या डोक्यावर आणि अवतीभवती वस्ती आहे.

धोका नेमका इथेच आहे. लेणे जमिनीच्या पातळीखाली कोरलेले आहे, आणि पाणी उताराकडेच धावणार. पावसाचे पाणी, घरांचे सांडपाणी, फुटक्या गटारांची गळती खडकाच्या भेगांतून झिरपते. हा खडक ज्वालामुखीच्या राखेचा आणि दगडी तुकड्यांचा, त्यामुळे तुलनेने ठिसूळ. ओल धरली की त्याचे पापुद्रे सुटतात, आणि एकदा गळून पडलेला चेहरा कोणतीही दुरुस्ती परत आणू शकत नाही.

इतिहासाने या लेण्यांना याहून मोठे धक्के दिले आहेत. बोरिवलीच्या मंडपेश्वरचे शैव लेणे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी चर्चसाठी वापरले. तिथल्या कोरीव पटावर खोदलेला क्रूस आजही दिसतो. 1737 मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली, नंतर इंग्रजांकडे गेली. अंधेरीच्या महाकाली, म्हणजे कोंडिविट्याच्या लेण्यांतून बौद्ध भिक्षू कधीच निघून गेले, तरी तिथला स्तूप उभा आहे. सत्ता बदलल्या, धर्म बदलले, खडक टिकला. रोज झिरपणाऱ्या सांडपाण्यापुढे तो तसाच टिकेल, असे मानायला आधार नाही.

कायदा नाही असेही नाही. ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. 2010 च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. पण ही रेघ आखली जाईपर्यंत तिच्या आत माणसे राहायला आली होती. त्यांना पुनर्विकास करता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी मागावी लागते. ज्याच्या घराचे छप्पर स्मारकामुळे अडते, त्याने त्या स्मारकावर प्रेम करावे ही अपेक्षा भाबडी आहे. अशा कोंडीतून नियम सैल करण्याची मागणी पुन्हा पुन्हा उठते. प्रतिबंधित क्षेत्रात केंद्राच्या सार्वजनिक कामांना वाट देणारे विधेयक 2018 मध्ये लोकसभेने मंजूरही केले होते; राज्यसभेने ते प्रवर समितीकडे धाडले. उपनगरांतल्या जमिनीचे भाव पाहता असा प्रयत्न शेवटचा ठरणार नाही.

दुसरा धोका सुशोभीकरणाचा. अनास्थेची लाज वाटली की आपण फरशा, रंगीत दिवे आणि सेल्फी पॉइंट घेऊन धावतो. त्याने गर्दी वाढेल, पण एका थेंबाचीही गळती थांबणार नाही.

करायचे ते रुक्ष आणि खर्चिक आहे. आधी लेण्यांच्या माथ्यावरची गटारे आणि पावसाळी नाल्या वळवायला हव्यात. माथ्यावरच्या कुटुंबांना त्याच परिसरात पक्की घरे देऊन हलवायला हवे. बुलडोझर पाठवून आणि वर्षभराने डोळेझाक करून हा प्रश्न सुटलेला नाही. पुरातत्त्व खाते, महापालिका आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांनी एकमेकांकडे बोट दाखवणे थांबवून एकाच आराखड्यावर सह्या करायला हव्यात. पूजा करणाऱ्यांनाही त्यात स्थान हवे, कारण तिथे रोज उतरणारे तेच आहेत.

वाचकांनी या लेण्यांना जरूर जावे. पण तिथली शांतता आयती मिळाली, असे समजू नये. भिंतीवर ओल किंवा गळती दिसली, तर फोटो काढून तारखेसह पुरातत्त्व सर्वेक्षणाला आणि पालिकेच्या विभाग कार्यालयाला लेखी कळवावे. ज्या जागेसाठी कुणीच तक्रार करत नाही, ती जागा हे शहर रिकामीच धरते.