‘तुमचं लक्ष नाही’ म्हणणाऱ्या दवाखान्याला काही प्रश्न

पोट सतत दुखतं, मोठं झालं तरी मूल अंथरूण ओलं करतं, शाळेचं नाव काढलं की उलटी होते. आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. मी एका सरकारी रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात समुपदेशक म्हणून काम करतो. अशी मुलं तिथे नेहमी येतात. त्यांच्या आईला मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: ‘तुमचं लक्ष नाही.’ निदान म्हणून दिलेला हा निवाडा कुणाच्या आईला जास्त ऐकावा लागतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

बालपणीचे आघात पुढे आजार होऊन शरीरात उतरतात, हे आता वैद्यकशास्त्र मान्य करतं. फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी अमेरिकेतील सॅन डिएगो इथे १९९५ ते १९९७ दरम्यान १७,००० हून अधिक प्रौढांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, उपेक्षा, घरातलं व्यसन अशा आघातांचे चार किंवा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचे प्रयत्न कितीतरी पटींनी जास्त आढळले.

माझा आक्षेप त्या प्रश्नांच्या चौकटीला आहे. बहुतेक प्रश्न घरातले. उत्तरं देणारे बहुतांश गोरे, आरोग्य विमा असलेले. पुढे फिलाडेल्फियात वंशभेद आणि वस्तीतली हिंसा यांचे प्रश्न जोडावे लागले. आपल्याकडे ती जुनी यादी जशीच्या तशी आणली, तर शाळेत वेगळ्या पंगतीत बसवलेलं, संडास धुवायला लावलेलं, वर्गासमोर जातीवरून हिणवलेलं मूल शून्य गुण घेऊन घरी जाईल आणि दोष पुन्हा आईबापाचाच ठरेल.

दवाखानाही यातून सुटलेला नाही. १९२९ साली छापून आलेल्या एका पत्रातली काठियावाडची हकिकत बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवली आहे. एका अस्पृश्य शिक्षकाच्या बाळंतीण बायकोला डॉक्टरने हात लावला नाही, थर्मामीटर मध्यस्थाच्या हातून दिलं, ती दगावली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गुजरात-राजस्थानातील दलित मुलांच्या अभ्यासातही औषध देताना स्पर्श टाळला जात असल्याचं दिसलं. ज्या हाताने गोळी वरून टाकली, त्या हातासमोर मूल मनातलं काय बोलणार?

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत जाऊन जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब तपासतात. त्यात एवढी भर घाला: आईशी एकटीशी, आडोशाला बोला. आधी तिची झोप, जेवण, तिला होणारी मारहाण याबद्दल विचारा. मग शाळेत, पाणवठ्यावर, दवाखान्यात मुलाशी कोण कसं वागतं ते विचारा. केसपेपरवर लिहायचं ते तिच्या संमतीनेच. आणि विचारलं, तर पुढे मदतही द्या. पोषण पुनर्वसन केंद्रात मुलासोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी देण्याची सोय आहे. मग समुपदेशनासाठी चार खेपा घालणाऱ्या आईची रोजी का बुडावी?

गुण मोजत बसण्याचा नाद मात्र नको. एकेका माणसाचा धोका या गुणांवरून ठरवू नये, असा इशारा खुद्द अँडा यांनी २०२० मध्ये दिला. आपल्या मुलांच्या कपाळावर जात आधीच लिहिलेली असते. तिच्याखाली आणखी एक आकडा कशाला?

घरातले पहिले पदवीधर म्हणून केसपेपर वाचायला, डॉक्टरांशी बोलायला आपल्यालाच पुढे केलं जातं. तिथे आईच्या, बहिणीच्या वतीने आपणच बोलण्यापेक्षा तिला बोलू द्या. तिला कळेल अशा भाषेत उत्तर मागा. भाच्याचं पोट दुखत असेल, तर त्याच्या शाळेतही चौकशी करा. आणि आपल्यातले जे डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक झाले, त्यांनी ‘तुमचं लक्ष नाही’ म्हणण्याऐवजी समोरच्या आईला विचारावं: ‘तुमच्याकडे कोण लक्ष देतं?’