काळ्या डोंगरावरील दत्तप्रभू

दत्तजयंती म्हटली की आम्हां महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढे कृष्णाकाठ उभा राहतो. औदुंबराची छाया, नरसोबाच्या वाडीत पादुकांवरून वाहणारे पुराचे पाणी आणि दक्षिणद्वाराचे स्नान साधण्यासाठी लोटलेली भक्तांची गर्दी. आमचे दत्तप्रभू पाण्याच्या सान्निध्यात रमणारे. म्हणूनच गतवर्षी मार्गशीर्षात चिरंजीवांनी सहकुटुंब मोटारीने कच्छचे रण पाहण्याचा बेत मांडला, तेव्हा आम्ही नाक मुरडले. जावयाचे तर तीर्थाला जावे. उजाड माळ आणि मीठ पाहण्यासाठी पेट्रोल कशाला जाळावे? आमचा तो आक्षेप चुकीचा होता, हे आज मोकळेपणाने सांगावयाचे आहे.

भुज सोडल्यावर माता नो मढ येथे आशापुरा देवीचे दर्शन घेतले आणि पश्चिमेकडे निघालो. बाभळी विरळ होत गेल्या, गावे दूरदूर पडली. शेवटी नारायणसरोवर आले. मानस, बिंदू, पंपा, पुष्कर यांच्या पंक्तीत बसणारे हे पाचवे पवित्र सरोवर. भागवताच्या षष्ठ स्कंधात दक्षाचे पुत्र हर्यश्व पित्याच्या आज्ञेने प्रजावृद्धीसाठी तप करावयास येतात ते नारायणसरोवरी, सिंधू आणि सागर यांच्या संगमावर. तेथे नारद त्यांना विचारतात की, भूमीचा अंत पाहिल्यावाचून तुम्ही सृष्टी कशी निर्माण करणार? ही भूमी म्हणजे जीवाचे क्षेत्र, असा अर्थ हर्यश्वांनीच लावला आहे, आणि कीर्तनात आम्हीही तोच सांगत आलो. पण जवळच्या कोटेश्वराच्या देवळामागे उभे राहिलो, पुढे रस्ता नाही, शेत नाही, नुसता चिखल आणि खाडीचे करडे पाणी, तेव्हा आमच्या ध्यानात आले की वाच्यार्थ कधी डोळ्यांनी न पाहताच आम्ही इतकी वर्षे लक्ष्यार्थाचे निरूपण करीत होतो.

पुढे लखपतचा किल्ला. सुमारे सात किलोमीटरचा कोट, आणि आत मूठभर वस्ती. १८०१ साली फतेह महंमद जमादाराने हा कोट वाढवला. सिंधूचा एक फाटा इकडे येत असे. तो आधीच क्षीण झाला होता. १६ जून १८१९ च्या भूकंपात उत्तरेला जमीन उचलली जाऊन लांबलचक बांध तयार झाला आणि पाण्याची वाट बुजली. नदी गेली, तिच्यामागे व्यापार गेला. तटावर उभी राहून आमची धाकटी नात म्हणाली, “आजोबा, मग तुम्ही रोज अंघोळीच्या वेळी सिंधूला बोलावता, ती येते कुठून?” आम्हांला उत्तर सुचले नाही. अजून सुचलेले नाही.

भुजला परतून दुसऱ्या दिवशी खावड्यावरून काळा डोंगर चढलो. कच्छमधील हे सर्वांत उंच स्थान, ४६२ मीटर. वाटेत एके ठिकाणी गाड्या आपोआप पळतात म्हणून लोक हात जोडतात. तो उताराचा आणि दृष्टिभ्रमाचा खेळ आहे; दत्तप्रभूंच्या नावावर तो खपवू नये. खरे आश्चर्य माथ्यावरून दिसते. पावसाळ्यात समुद्राचे व नद्यांचे पाणी त्या सखल भूमीवर पसरते, हिवाळ्यात आटत जाते आणि मागे क्षितिजापर्यंत मिठाचा शुभ्र पट उरतो. एकादश स्कंधातील अवधूत चोवीस गुरू सांगतो. नाथमहाराजांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या टीकेत त्यांचा विस्तार केला. त्यांतला समुद्र नद्यांनी फुगत नाही की उन्हाळ्यात आटत नाही. येथे तर समुद्राचेच पाणी आटलेले! अवधूताचा पहिला गुरू पृथ्वी का, हे तेथे उभे राहिल्यावर निराळे सांगावे लागत नाही.

डोंगरावर दत्तमंदिर आहे. येथे भुकेले कोल्हे भेटले असता दत्तात्रेयांनी ‘ले अंग’ म्हणून आपले अवयव त्यांना अर्पण केले, अशी कथा आहे. त्याची आठवण म्हणून आरतीनंतर पुजारी बाहेरच्या ओट्यावर कोल्ह्यांसाठी भाताचा नैवेद्य ठेवतात. पंचतंत्राने ज्या प्राण्याला दमनक करून बदनाम केले, त्याला येथे प्रसादाचा मान!

परंतु त्या संध्याकाळी पुजाऱ्यांनी हाक दिली आणि कठड्याशी चाळीस-पन्नास यात्रेकरूंनी कल्लोळ केला. शिट्ट्या, फोनचे दिवे, कोणी बिस्किटांचे पुडे फेकीत होते. झुडपाआड एक कोल्हा दिसला, दोन पावले पुढे आला आणि वळून नाहीसा झाला. आमच्या मंडळींतही कोणी गप्प नव्हते, हेही सांगितले पाहिजे. देवळात घंटेला हात लावण्यापूर्वी आपण चपला काढतो; देवाचा पाहुणा जेवावयास येतो तेव्हा तोंड मिटून उभे राहणे आपल्याला का जमू नये? उद्याच्या जयंतीला जे तिकडे जाणार असतील त्यांना आमचे एवढेच हात जोडून मागणे आहे. रण अवश्य पाहा, ते पाहणे म्हणजे यात्रा सोडून केलेली चैन नव्हे; पण ओट्यापाशी आवाज करू नका, आणि पुडे आपल्या पिशवीत घालून परत आणा.

गाड्या उतरून गेल्यावर आम्ही थांबलो. चंद्र वर आला, खालचे मीठ उजळले. बऱ्याच वेळाने ओट्याकडून चपचप असा आवाज येऊ लागला. नातीने आमचा हात घट्ट धरला आणि बोटांनी खूण केली, तीन.