तुलना म्हणजे समीकरण नव्हे

मार्च २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये एका फुटबॉल कार्यक्रमावरून राजकीय वादळ उठले. लहान होड्यांतून इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या आश्रयार्थींविषयी सरकारने आणलेल्या विधेयकावर माजी फुटबॉलपटू गॅरी लिनेकर यांनी टीका केली. १९३० च्या दशकात जर्मनीत वापरल्या गेलेल्या भाषेहून ही भाषा फारशी वेगळी नाही, असा तिचा आशय होता. बीबीसीने त्यांना कार्यक्रमापासून दूर ठेवले. सहकाऱ्यांनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी काम नाकारले आणि ११ मार्च रोजी ‘मॅच ऑफ द डे’ निवेदकांविना वीस मिनिटांत आटोपला. दोनच दिवसांनी त्यांना परत घेण्याचा निर्णय झाला. तत्कालीन गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांचे पती यहुदी आहेत. अशा तुलनेने यहुद्यांच्या यातनांचे अवमूल्यन होते, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यापूर्वी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, अमेरिकन अभिनेत्री जिना कॅरानो यांनी राजकीय मतांसाठी होणाऱ्या द्वेषाची तुलना नाझी जर्मनीतील यहुद्यांच्या छळाशी केली. लुकासफिल्मने त्यांच्याशी संबंध तोडले. पुढे कॅरानो न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तडजोड झाली.

एकाची बाजू डावी, दुसरीची उजवी. आपल्या पक्षाची तुलना तेवढी मार्मिक आणि विरोधकाची तेवढी निंद्य, असे मानण्याचा मोह दोन्हीकडे दिसला. आमच्या मते तुलनेची पारख वक्ता पाहून नव्हे, तर तीन प्रश्न विचारून करावी. कशाची कशाशी तुलना होत आहे? कोणत्या एका बाबतीत? आणि साम्य कोठे संपते?

लिनेकर यांनी भाषेपुरते साम्य सांगितले. हत्याकांडाचा आरोप केला नाही. तरीही १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी स्वतःच्याच देशातील यहुद्यांचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले होते. ब्रिटनमधील प्रश्न बाहेरून येणाऱ्यांचा होता. हा भेद त्यांच्या विधानात आला नाही. शेजाऱ्यांच्या मनात आधी द्वेष पेरला जातो, हे कॅरानो यांचे निरीक्षण खरेच होते. परंतु मत बदलता येते, वंश बदलता येत नाही. शिवाय नोकरी गमावणे आणि राज्यसत्तेने जिवावर उठणे यांत महदंतर आहे.

तुलनाच वर्ज्य ठरवली, तर इतिहास काहीच शिकवू शकणार नाही. छळछावण्या एका दिवसात उभ्या राहिल्या नाहीत. त्याआधी शब्द आले होते. उलट प्रत्येक कठोर शिक्षकाला ‘हिटलर’ आणि कार्यालयातील प्रत्येक निर्बंधाला ‘आणीबाणी’ म्हणू लागलो, तर साठ लाख यहुद्यांचे मरण आणि १९७५ साली विनाचौकशी तुरुंगात गेलेल्यांचे दुःख ही केवळ अलंकारिक भाषा होऊन बसेल.

म्हणून तुलना अवश्य करावी. मात्र ‘यासारखे’ म्हणताना ‘एवढ्यापुरतेच’ हा शब्दही उच्चारावा. मृतांचा मान आणि जिवंतांची सावधगिरी, दोन्ही त्यातच सांभाळली जातात.