खोटे पकडायचे तर पोरांना खोटे रचू द्या



१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली, अशी मोबाइलवरची अफवा. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीने कोरोना होतो अशी आवई उठली. पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी मातीमोल विकले, काहींनी पिल्ले खड्ड्यात पुरली. आवई उठवणाऱ्याचे काय गेले?

सरकारचा उपाय काय, तर खरेखोटे सरकारच ठरवणार! केंद्राच्या कारभाराविषयी खोटे काय हे ठरवणारे पथक केंद्रानेच नेमायचे, असा नियम २०२३ मध्ये झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला, बरे झाले. ग्राहकहिताच्या नावाने कांद्याचे भाव पाडणाऱ्यांच्या हाती खरेपणाचा शिक्का द्यायचा?

दुसरे शहाणे म्हणतात, पोरांचे मोबाइल काढून घ्या. अहो, निरोप पुढे ढकलण्यात पोरांचे बापच पुढे!

केम्ब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक खेळ काढला. त्यात खेळणाऱ्यानेच खोट्या बातम्या पसरवून गिऱ्हाइके जमवायची. दुसऱ्याच्या नावाने बोलणे, भीती-राग चेतवणे, दोन तट पाडणे, कटाची कथा रचणे, टीकाकाराला बदनाम करणे, डिवचणे, अशा सहा युक्त्या हाताखालून गेल्या की पुढे त्या ओळखू येतात. गुरांना लस टोचतो, तसेच हे. तिकडच्या चाचण्यांत फरक दिसला. भारतासाठी बदललेल्या खेळाची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात मात्र फरक दिसला नाही. मला नवल वाटले नाही. बाहेरचे वाण आपल्या कोरडवाहू रानात पेरले की पुष्कळदा हेच होते. म्हणून पेरणीच सोडायची का?

मी आठवीच्या एका वर्गात कागदाच्या चिठ्ठ्यांवर हा खेळ घेतला. काम एकच: उद्या कांद्याचा भाव पडेल असा निरोप लिहा. एका मुलीने लिहिले, ‘बाजार समिती परवापासून पंधरा दिवस बंद. आतल्या माणसाने सांगितले. लगेच पुढे पाठवा.’ बाकीच्यांनी गळ शोधले. आतला माणूस कोण? नाव का नाही? लगेच कशाला? मग तीच मुलगी हळूच म्हणाली, ‘सर, आमच्या दादांनी असाच निरोप वाचून खळ्यावरच माल देऊन टाकला होता.’

मास्तर मला म्हणाले, पोरांना लबाडी शिकवता? शेतीशाळेत आम्ही अळी तळहातावर घेऊन दाखवतो. त्याने कोणी अळ्या पाळायला लागत नाही.

चिठ्ठ्यांचा संच जिल्हा बैठकीला आणतो आहे. येताना गावातल्या एका तरी शिक्षकाला सोबत आणा, आणि तुमच्या बाजारात फिरलेले खोटे निरोप लिहून आणा. पुढचा संच त्यातूनच करू.